‘प्रश्न उद्भवत नाही’ हे उत्तर येऊ न दिल्याबद्दल

आदरणीय आमदार ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मतदारसंघातल्या महापालिकेच्या आणि समाविष्ट गावांमधल्या शाळांच्या व्यवस्थापन समित्यांचे पालक व शिक्षक सदस्य मिळून हे पत्र लिहीत आहोत. ते उघड लिहितो आहोत, कारण यातले बरेचसे पुण्यातल्या इतर पालकांच्याही उपयोगी पडेल.

खोल्या बांधून दिल्या, संगणक दिले की लोकप्रतिनिधींचे आभार मानले जातात. त्याविषयी पुढे लिहिलेच आहे. पण आमच्या दृष्टीने तुमचे सर्वांत मोठे काम तुम्ही सभागृहात विचारलेल्या प्रश्नांच्या मसुद्यात आहे.

तारांकित प्रश्नांची, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नांची, छापील यादी ज्यांनी वाचली आहे त्यांना त्यांचा साचा पाठ असतो. (१) अमुक शाळांत शिक्षकांची पदे रिक्त आहेत, हे खरे आहे काय. (२) असल्यास, शासनाने याची चौकशी केली आहे काय. (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली. (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? सगळा भार पहिल्या भागावर असतो. तिथे एक तपशील चुकला की उत्तर येते ‘हे खरे नाही’ आणि उरलेल्या भागांपुढे ‘प्रश्न उद्भवत नाही’. शाळेत तिसरी-चौथीची मुले एकाच खोलीत बसलेली असतात, आणि कागदावर प्रश्नच उरत नाही.

हे घडण्याचे मुख्य कारण ‘रिक्त’ या शब्दात आहे, हे तुम्ही ओळखले. पद मंजूर आहे पण माणूस नाही, तर ते रिक्त. पदच मंजूर नसेल तर ते रिक्त कसे म्हणणार? संच मान्यतेत, म्हणजे पटावरून शाळेची शिक्षकपदे ठरवताना, पद कमी झाले की शाळेची गरज तशीच राहते, रिक्त पदांची संख्या मात्र शून्य होते. मग ‘हे खरे नाही’ हे उत्तर शब्दशः बरोबर ठरते. म्हणून तुम्ही प्रश्न पदांपासून सुरू न करता पटापासून सुरू केला: ३० सप्टेंबरला हजेरीपटावर किती मुले होती, त्यांतली किती हिशेबात धरली, उरलेली का वगळली, आणि त्यामुळे किती पदे कमी झाली. याला ‘उद्भवत नाही’ म्हणता येत नाही, आकडाच द्यावा लागतो.

तो प्रश्न उभा राहावा म्हणून तुमच्या कार्यालयाने प्रत्येक शाळेकडून एक पानाची माहिती मागवली होती. निवेदन नको, व्यथा नको, फक्त रकाने: यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), इयत्तावार पट, आधार जुळलेली मुले, मंजूर पदे, कार्यरत शिक्षक, शेवटच्या संच मान्यतेची तारीख. यू-डायस क्रमांक अकरा अंकी असतो आणि पुणे जिल्ह्यात तो २७२५ ने सुरू होतो. तो लिहायचा आग्रह आधी काहींना जाचक वाटला. पण एकाच नावाच्या दोन-दोन शाळा असतात, वस्तीशाळेचे नाव आणि गावच्या शाळेचे नाव एका शब्दाने वेगळे असते, आणि उत्तर भलत्याच शाळेचे येते. क्रमांक असला की ती पळवाट राहत नाही.

आता आधारविषयी. इतर पालकांनी हा भाग सावकाश वाचावा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. समजा पटावर ९३ मुले आहेत आणि चौघांचे आधार विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन नोंदीच्या सरकारी पोर्टलवर जुळले नाही. हिशेबात उरली ८९. चौथा शिक्षक गेला. चार मुलांच्या नावांतल्या अक्षरांपायी ९३ मुलांचा एक शिक्षक जातो. मूल बाकावर बसलेले आहे, रोज खिचडी खाते आहे, पाढे म्हणते आहे. त्याचे कार्ड जुळले नाही म्हणून ते नाहीच, असे धरणे चूक आहे. हे तुम्ही सभागृहात स्पष्ट शब्दांत मांडलेत, याबद्दल शिक्षक सदस्यांच्या वतीने विशेष आभार.

धोरण बदलेपर्यंत काय करायचे, हेही तुम्ही तुमच्या मासिक वार्तापत्रात क्रमाने दिले. आधी जन्मदाखला, मग आधार, मग शाळेचे जनरल रजिस्टर (प्रवेशाची कायम नोंदवही), शेवटी पोर्टल. बहुतेक शाळा हे उलटे करतात. पोर्टलवर नाव आधारप्रमाणे करून टाकतात, कारण ते मुख्याध्यापकांच्या लॉगिनमधून पाच मिनिटांत होते. पण आधारवरचे नावच चुकीचे असेल तर जनरल रजिस्टर एक बोलते, पोर्टल दुसरे, आणि दहावीच्या वेळी दाखल्यावरचे नाव दुरुस्त करायला शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी घेत फिरावे लागते. जुळणी नाव, जन्मतारीख आणि लिंग या तिन्हींची होते. ‘दत्तात्रय’ आणि ‘दत्तात्रेय’ इंग्रजी लिपीत दोन तऱ्हांनी लिहिले जातात, आणि बापाच्या नावातल्या एका अक्षराने मुलीची नोंद अडकते.

दुसरी अडचण बोटांच्या ठशांची. पाच वर्षांखालील बाळाचे आधार ठशांशिवाय निघते. पाच पूर्ण झाल्यावर ठसे व डोळ्यांच्या बुबुळांची नोंद करावीच लागते, पुन्हा पंधराव्या वर्षी एकदा. पाच ते सात या वयात ही नोंद मोफत असते, आणि पहिलीच्या प्रवेशाचे वय सहा, म्हणजे नेमके याच मुदतीत. म्हणून शिबिर जूनमध्येच शाळेत घ्यावे. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घेऊन उपयोग नसतो, दुरुस्ती लागू व्हायला दिवस लागतात. पालकांनी स्वतःचे आधार आणि मुलाचा मूळ जन्मदाखला आणावा. निम्मे पालक झेरॉक्स घेऊन येतात आणि परत जातात. त्यांचा एका दिवसाचा रोज बुडालेला असतो.

तिसरी अडचण बांधकामांवरच्या मजुरांच्या मुलांची, आणि ती पुण्यात मोठी आहे. वाघोली, हिंजवडी, आंबेगाव या पट्ट्यात एक काम संपले की कुटुंब दुसऱ्या साइटवर जाते. जुन्या शाळेने पोर्टलवर मुलाला सोडले नाही तर ते तिथेच अडकून राहते, नव्या शाळेच्या पटात येत नाही. अशा वेळी नव्या शाळेने ऑनलाइन मागणी टाकावी, जुन्या शाळेला फोन करावा आणि तरीही हलत नसेल तर केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना) लेखी द्यावे. फोनवर सांगितलेले कोणी लक्षात ठेवत नाही. तुमच्या कार्यालयातल्या ताईंनी जुन्या शाळांना स्वतः फोन केले. त्यांचेही आभार. त्यांचे नाव मुद्दाम लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही.

वार्तापत्राविषयी आणखी थोडे. २०२५ साली पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा वाद पेटला तेव्हा शहरात जो तो मत सांगत होता. तुम्ही १६ एप्रिलचा आणि १७ जूनचा असे दोन्ही शासन निर्णय शेजारी शेजारी छापले. पहिल्यात हिंदी ‘अनिवार्य’ होती, दुसऱ्यात ती ‘सर्वसाधारणपणे’ तृतीय भाषा झाली. हिंदीऐवजी वेगळी भाषा हवी असेल तर इयत्तेतल्या किमान २० मुलांनी मागणी करावी, अशी अट होती. पहिलीत २० मुले नसलेल्या शाळांमध्ये हा पर्याय नावापुरताच राहिला असता, हे त्या दोन परिच्छेदांवरून कोणालाही कळत होते. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द करण्याची आणि अर्थतज्ज्ञ डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमण्याची घोषणा झाली. तुम्ही भाषेच्या अभिमानाबद्दल लिहिलेत, तसाच एक व्यावहारिक प्रश्नही विचारलात: पहिलीला सगळे विषय एकच बाई शिकवतात, तर ही भाषा कोण शिकवणार आणि त्यासाठी कोणत्या विषयाच्या तासिका जाणार? आम्हाला हा प्रश्न सगळ्या चर्चेतला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखून ठेवलेल्या २५ टक्के प्रवेशांबाबतही तुम्ही ठाम राहिलात. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला या प्रवेशांतून सूट दिली होती. पुण्यासारख्या दाट वस्तीत एक किलोमीटरच्या आत अशी शाळा सापडतेच. म्हणजे तरतूद कायद्यात राहिली असती आणि जागा संपल्या असत्या. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी ती अधिसूचना रद्द केली. त्या मधल्या महिन्यांत तुम्ही पालकांना कागद तयार ठेवायला सांगत राहिलात, म्हणून आमच्या भागातल्या पालकांची ऐन वेळी धावपळ झाली नाही. अर्ज बाद होण्याची दोन कारणे तुम्ही ठळक छापली होती. एक, नकाशावर घराचा फुगा चुकीच्या ठिकाणी ठेवणे. अंतर त्यावरूनच मोजले जाते, आणि पडताळणीत पत्ता जुळला नाही की लागलेला प्रवेशही जातो. दोन, भाडेकरार. तो नोंदणीकृत हवा आणि अर्ज भरण्याआधीचा हवा. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला कागद चालत नाही.

समाविष्ट गावांच्या शाळांचे अजून मार्गी लागलेले नाही, हेही प्रामाणिकपणे लिहायला हवे. २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे महापालिकेत आली. गाव आले की जिल्हा परिषदेच्या शाळेचे काय, हा प्रश्न मागोमाग येतो. इमारत, जागेचा कागद, वीजजोडणी आणि शिक्षक या चार गोष्टी वेगवेगळ्या गतीने हलतात. वीजमीटर ग्रामपंचायतीच्या नावावर राहिला तर बिल कोण भरणार यावर पत्रव्यवहार चालतो आणि तोवर वर्गात पंखे बंद. तुम्ही प्रत्येक शाळेसाठी या चार गोष्टींचा वेगळा तक्ता करायला लावलात. आता बैठकीत ‘हस्तांतरण सुरू आहे’ एवढ्यावर कोणाला सुटता येत नाही; चारांपैकी काय झाले, ते सांगावे लागते.

हा वाद आपल्याकडे जुना आहे. पुण्याचे गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हाही खर्चाची वाटणी हा कळीचा मुद्दा होता. एक हिस्सा स्थानिक संस्थेने द्यावा आणि दोन हिस्से सरकारने, असा त्यांचा हिशेब होता. विधेयक फेटाळले गेले. महापालिका आणि राज्य शासन यांच्यात कोणी किती द्यायचे, यावर तुम्ही जे बोलता ते ऐकताना गोखल्यांचा तो हिशेब आठवतो.

आमदार निधीतून झालेल्या कामांबद्दल थोडक्यात. संगणक मागायला आलेल्या समितीला तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, ‘शाळेचा मंजूर वीजभार किती?’ १५ संगणक, प्रत्येकी २०० वॅट धरले तरी ३ किलोवॅट झाले. मंजूर भार एक किलोवॅटचा असेल तर संगणक खोक्यातच राहतात किंवा पहिल्या आठवड्यात वायरिंग जळते. म्हणून आधी भारवाढ आणि अर्थिंग, मग संगणक, हा क्रम तुम्ही लावून दिलात. खोल्यांच्या कामातही समितीचा ठराव, जागेच्या मालकीचा कागद, भवन विभागाचे जीएसटीसह अंदाजपत्रक आणि देखभालीचे हमीपत्र, असे चार कागद एकत्र आल्याशिवाय प्रस्ताव जिल्हा नियोजन कार्यालयाकडे पाठवायचा नाही, असा तुमचा नियम आहे. तो कडक वाटतो खरा. पण कार्यादेश हातात नसताना आचारसंहिता लागली की नवे काम सुरू करता येत नाही, आणि असे लटकलेले प्रस्ताव आम्ही पाहिले आहेत.

शेवटी एक विनंती. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) उत्तीर्ण व्हायचे आहे. परीक्षेच्या तयारीच्या काळात वर्ग उघडे पडू नयेत, यासाठी कोणती व्यवस्था आहे, हा प्रश्न पुढच्या अधिवेशनात यावा. आमच्या शाळांची माहिती तुमच्याच नमुन्यात भरून सोबत जोडली आहे: यू-डायस क्रमांक, शिक्षकांची संख्या, त्यांपैकी टीईटी द्यावी लागणारे किती, आणि कोणत्या इयत्तांना ते शिकवतात. दोन शाळांचे आकडे मुख्याध्यापकांच्या सहीसाठी थांबले आहेत. ते सोमवारी कार्यालयात आणून देतो.

आपले नम्र,
शाळा व्यवस्थापन समित्यांचे पालक व शिक्षक सदस्य
पुणे