तो ‘केमिकल फ्री’चा बोर्ड आधी काढ

बाळ्या,

काल तू पाठवलेलं आपल्या साबणाच्या स्टॉलचं पोस्टर बघितलं, रंग मस्त आलेत, पणत्या पण गोड दिसतायत, बाबांनी तर चष्मा लावून दोनदा झूम करून बघितलं. पण वर एवढ्या मोठ्या अक्षरात १००% केमिकल फ्री लिहिलंयस ते काढ. आधी ते काढ आणि मग प्रिंटला दे. फोन केला तर तुझी मीटिंग, म्हणून हे लिहितेय, नाहीतरी प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून दुसरं काय करणार मी. थोडं लांबेल, पण स्टॉलवर बसायच्या आधी सगळं वाच, रील पुढे ढकलतोस तसं करू नकोस.

सात वर्षांत पहिल्यांदा असं होतंय की दिवाळीचं पुण्याचं प्रदर्शन आहे आणि मी रत्नागिरीत. ऑक्टोबर आला तरी अंगणातलं शेवाळ काही हटत नाही आणि मी घसरले ती नेमकी साबणाचे क्रेट रिक्षात ठेवताना. क्रेट वाचले, घोटा गेला. तू स्वतःहून म्हणालास मी बसतो तीन दिवस, बरं वाटलं, पण मग लगेच विचारलंस आई लोकांना काय पिच करायचं. पिच वगैरे काही नाही रे. जे आहे ते सांगायचं. आणि ते सांगता यायला साबण होतो कसा हे माहीत पाहिजे, तू बारावीपर्यंत वास येतो म्हणून नाक दाबून बाहेर पळायचास.

तर. साबण केमिकलशिवाय होतच नाही. तेलात कॉस्टिक सोडा पडल्याशिवाय साबण नाही, मग तो आपला असो नाहीतर कंपनीचा. कॉस्टिकचे पांढरे दाणे पाण्यात टाकायचे, दाण्यांवर पाणी ओतायचं नाही कधीच, उसळून तोंडावर येतं. गॅस न लावता ते पाणी ऐंशी-नव्वद डिग्रीपर्यंत तापतं. ॲल्युमिनियमचं भांडं चालत नाही, कॉस्टिक ते खातं. पहिल्या वर्षी मी दुधाचं जुनं पातेलं घेतलं होतं, फसफसून काळं पडलं आणि घरभर उग्र वाफ, आजी देवघरातून ओरडली काय जाळलंस. मग हे पाणी निवलं की तेलात घालून ब्लेंडरने फिरवायचं, श्रीखंडाएवढं दाट झालं की साच्यात, दीड-दोन दिवसांनी वड्या कापायच्या आणि मग पाच-सहा आठवडे रॅकवर नुसत्या ठेवायच्या. तोपर्यंत कॉस्टिक सगळं तेलात जिरून त्याचा साबण आणि ग्लिसरीन झालेलं असतं, म्हणून तयार वडीत कॉस्टिक उरत नाही. पण माप चुकलं तर उरतं! प्रत्येक तेलाचं माप वेगळं, १०० ग्रॅम खोबरेलाला १८ ग्रॅमच्या आसपास कॉस्टिक लागतं, एरंडेलाला १३ च्या आत. सगळा हिशोब करून वर आपण ५ टक्के कमीच घेतो, म्हणजे थोडं तेल तसंच राहतं आणि अंग ओढल्यासारखं होत नाही. आपल्या मिश्रणात किलोभर तेलाला १४५ ग्रॅम बसतं. हे सगळं माहीत असताना केमिकल फ्रीच्या बोर्डाखाली बसायची मला लाज वाटेल, आणि पुण्यात दहा माणसांमागे एक केमिस्ट्रीवाला निघतोच, तो तुझी शाळा घेईल. “खोबरेल, राईसब्रॅन, कोकमतेल, एरंडेल यांपासून हाताने केलेला” एवढंच लिही.

आता उटण्याचा साबण, कारण नव्वद टक्के लोक तोच विचारणार. पहिली अंघोळ यंदा २० ऑक्टोबरला, त्यामुळे त्या आठवड्यात बाकी काही खपत नाही. त्यात मुलतानी माती, नागरमोथा, आंबेहळद, गव्हला कचोरा, वाळा आणि मसूरडाळीचं पीठ आहे, पीठ अगदी बारीक, नाहीतर खरखरतं. वड्या विटकरी का, म्हणून विचारतील. रंग घातलेला नाही, हळदीचाच आहे. पहिल्यांदा केला तेव्हा मला वाटलेलं छान पिवळाधमक होईल, हळद पडली आणि बघता बघता भांड्यात लालभडक, मी घाबरून ब्लेंडर बंद केला, म्हटलं गेली सगळी बॅच. आजी मागे खुर्चीत बसलेली, ती शांतपणे म्हणाली, अगं हळदीला चुना लागला की कुंकू होतं, तुझं ते कॉस्टिक म्हणजे चुन्याचा थोरला भाऊ, काय नवीन झालं त्यात. खरंच की रे, कुंकू असंच करतात, आणि मी मात्र यूट्यूबवर तासभर शोधत बसले होते. सुकताना तो लाल उतरत उतरत असा विटकरी होतो. हे सांगितलंस की बायका हमखास वडी हातात घेऊन बघतात, दरवर्षीचा अनुभव आहे, तुझ्या पिचपेक्षा भारी चालतं. संत्र्याचा वास का नाही असं कोणी विचारलं तर सांग, संत्र्याचं तेल सुकता सुकता उडून जातं, दोन वर्षं मी पैसे घालवले त्यात. गुलाबपाकळ्या पण नाहीत, आत काळ्या पडतात, झुरळाचे पंख अडकल्यासारख्या दिसतात (एक बाई तोंडावर म्हणाली होती).

दुसरा थंडीचा, कोकमतेल जास्त आणि थोडं लवंगतेल. खोक्यात त्याच्या ४० च वड्या आहेत, कारण निम्मी बॅच वाया गेली. लवंगतेल पडलं की मिश्रण धड साच्यात ओतायला पण वेळ देत नाही, दोन मिनिटांत मोदकाची उकड होते, डाव उभा राहतो त्यात. मी ओळखून होते, थंड करून अगदी शेवटी घातलं, पण तेवढ्यात गॅसवाला आला सिलेंडर घेऊन. असो. ज्या आहेत त्यांच्या वरच्या बाजूला खड्डे दिसतील, ते डिझाईन आहे असं काही सांगू नकोस, उकड झाली होती म्हणून सांग आणि दहा रुपये कमी घे.

उन्हाळ्याचा वाळा-चंदनाचा मागतील, तो नाही म्हणायचं, तो मार्चमध्ये. मागच्या साली एकीने हट्टच धरला बारा महिने का ठेवत नाही. अगं बाई, पावसाळ्यात आमच्याकडे पापड वाळत नाही तिथे साबण काय वाळणार. साबणातलं ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं आणि वड्यांना घाम फुटतो, सकाळी रॅकवर बघावं तर थेंब थेंब. या वर्षी गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही कामाला लागलो ते याच हिशोबाने, २ सप्टेंबरला गौरी गेल्या, तिथून प्रदर्शनापर्यंत जेमतेम साडेपाच आठवडे मिळाले, तेही रात्रंदिवस पंखा लावून. बिल आलंय, बाबा अजून बोलले नाहीत त्यावर.

तू म्हणालास बाजारात तयार सोप बेस मिळतो, वितळवायचा, रंग-वास घालायचा, तासाभरात वडी, मग सहा आठवडे कशाला घालवतेस. मिळतो की. पलीकडच्या स्टॉलवर बहुतेक तेच असेल, पारदर्शक, आत फुलं, बघायला आपल्यापेक्षा चार पट सुंदर. त्यांना नावं ठेवायची नाहीत, ते पण हातानेच ओततात. फक्त मला विचारलंस तर त्यात मला मजा येत नाही, तेल कुठलं हे मला सांगता येत नाही, आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना “माहीत नाही” म्हणायला मला नको वाटतं.

आता जे मी कधी सांगितलं नाही ते. तिसरं वर्ष असेल. एक बाई आली, बरोबर दहा-अकरा वर्षांची मुलगी, कोपराच्या आत लाल चट्टे. तिने विचारलं कडुनिंबाच्या साबणाने जाईल का हो. दिवसभर विक्री बेताची होती आणि मी बोलून गेले, नेऊन बघा, आठ दिवसांत फरक पडेल. तिने चार वड्या घेतल्या. पुढच्या दिवाळीत ती परत आली, भांडायला नाही, भांडली असती तर बरं झालं असतं. नुसती उभी राहून म्हणाली, ताई, तिचं अंग फार उठलं होतं त्याने, डॉक्टरांकडे पंधरा दिवस फेऱ्या घातल्या, दुसऱ्या कोणाला सांगू नका असं. मी पैसे द्यायला गेले, घेतले नाहीत. ती मुलगी मागे उभी होती, फुल बाह्यांचा ड्रेस. ते सुगंधी तेल असतं ना, कडुनिंबाबरोबर मी वासाला घातलेलं, ते अशा कातडीला सोसत नाही, पण मला तेव्हा कुठे माहीत होतं आणि माहीत नव्हतं तर बोलले कशाला. त्यानंतर तो साबणच बंद केला. त्यामुळे पिंपल्स, खरूज, सोरायसिस, केस गळणं, कोणी काही विचारलं तरी तुझं उत्तर एकच, हा अंघोळीचा साबण आहे, औषध नाही, डॉक्टरांना विचारा. कायद्याने पण बरं करण्याचा दावा केला की ते औषधात जातं, आणि आपलं लायसन्स कॉस्मेटिकचं आहे. ते बचत गटाच्या शेडच्या नावावर आहे, झेरॉक्स पहिल्या खोक्यात वरच ठेवलीय, कोणी तपासायला आलं तर दाखव, उगाच गयावया करू नकोस.

लेबलवर वजन ९० ग्रॅम आहे आणि वडी काट्यावर ९३-९४ भरेल, घाबरू नकोस. कापताना ११० ची असते, पाणी उडून उतरते, अजून पण थोडी उतरेल म्हणून हात राखून छापलंय. पहिल्या वर्षी मी ओल्या वडीचं वजन छापलं होतं, एका आजोबांनी खिशातून छोटा काटा काढला! पुण्यातच होतं हे, वेगळं सांगायला नको.

भाव १२० चा. तीन घेतल्या तर ३३०, त्याखाली नाही. खोबरेल वर्षभरात कुठच्या कुठे गेलंय ते तुला माहीत नसेल, भाजीला घालत नाहीस ना तू. यंदा अजून एक ऐकायला लागेल, २२ सप्टेंबर २०२५ पासून साबणावरचा जीएसटी १८ चा ५ झाला, तुम्ही कमी का नाही केलं. आपण तेवढे मोठे नाही, आपण जीएसटी लावतच नव्हतो, तर कमी काय करणार, हसून सांग. आणि कोणी म्हणालंच की आम्ही दिवाळीला मोतीच आणतो, तर वाद घालू नकोस, आपल्या घरी पण येतो. बाबा पहिल्या अंघोळीला दुसऱ्या साबणाला हात लावत नाहीत, माझ्या पण नाही.

मांडणीचं, सँपलचे तुकडे बशीत ठेवायचे नाहीत. हे हसण्यावारी नेऊ नकोस. शेजारी बाकरवडी आणि नारळाच्या वड्यांची सँपल असतात, लोक खात खातच येतात, आणि आपली कोकमतेलाची वडी दिसते खरवसासारखी. दोन वर्षांपूर्वी एका आजींनी बोलता बोलता तुकडा तोंडात टाकला, मी “अहो अहो” म्हणेपर्यंत चावला पण. मग पाण्याची बाटली, फेस, सून लाल, आजी मात्र तोंड पुसून म्हणाल्या, मीठ कमी आहे. साबण घेऊन गेल्या दोन. तर सँपल लाकडी फळीवर, अख्खी वडी, बाजूला हात धुवायला पाण्याचा तांब्या. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायच्या नाहीत, वडी गुदमरते आणि ओली होते, कागदी पट्टीच राहू दे. हॉल तळघरात आहे, नेट जातं, क्यूआर चालत नाही, म्हणून दहा-वीसच्या नोटा निळ्या डबीत आहेत, मोजून ८०० रुपये.

लाल वही बरोबर ठेव. संक्रांतीचं वाण म्हणून छोट्या २५ ग्रॅमच्या वड्या लागतात बायकांना, कोणाला २१, कोणाला ५१, ती ऑर्डर आत्ताच मिळते. नाव, नंबर, नग आणि अर्धे पैसे. नोव्हेंबर संपला की ऑर्डर बंद, १४ जानेवारीला हातात पाहिजे तर त्याच्या आत ओतायला लागतं, त्यानंतर कोणी कितीही गोड बोललं तरी हो म्हणू नकोस, तुझा गोड बोलण्यावर विरघळायचा स्वभाव मला माहितीय.

तीन नंबरच्या खोक्यात तळाला बारा वड्यांवर मी पेनाने फुली केलीय, त्यांच्यावर नारिंगी ठिपके दिसायला लागलेत, तेल खवट होतंय. त्या विकायच्या नाहीत, फुकट पण द्यायच्या नाहीत. तुझ्या रूमवर कपडे धुवायला वापर.

खोकी परवा सकाळच्या एसटीने स्वारगेटला येतील, पावतीचा फोटो बाबा पाठवतील. त्यांच्याबरोबर एक स्टीलचा डबा वेगळ्या पिशवीत आहे, त्यात चकल्या आहेत. साबणाच्या खोक्यात अजिबात ठेवू नकोस, मागच्या वर्षी सगळ्या चकल्यांना नागरमोथ्याचा वास लागला होता आणि तू न बोलता खाल्ल्यास, मला नंतर मावशीने सांगितलं.

पोस्टर बदललं की फोटो टाक.

आई