सरांची सही

नागपूर,
रविवार, रात्री

प्रिय मित्रा,

दिवाळीपासून तुझी दोन पत्रं येऊन पडलीत आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही. लाज वाटते. शुगर ताब्यात आहे, हिचे गुडघे दुखतात, बाकी ठीक. मुद्द्याचं सांगतो, कारण हे दुसऱ्या कुणाला कळायचं नाही.

सरांचा महाल भागातला वाडा बिल्डरला गेला. काकू मुलीकडे पुण्याला चालल्या. गेल्या आठवड्यात त्यांनी बोलावून माळ्याची किल्ली माझ्या हातात दिली. चौकटीवरची २६ चित्रं निघाली आणि ११ गुंडाळ्या. गुंडाळ्या रंगाची बाजू आत घेऊन वळलेल्या, वरून नाडीने करकचून बांधलेल्या. रंग बाहेरच्या बाजूला हवा होता रे! पहिली सोडली तर कर्रकन आवाज झाला आणि निळ्या रंगाचे पापुद्रे माझ्या मांडीवर पडले. ते पुडीत बांधून ठेवलेत. बाकीच्या दहा सोडायची हिंमत झाली नाही.

पण खरी काळजी वेगळीच. एकाही चित्रावर सही नाही. काकूंच्या भाच्याने मुंबईचं एक गिऱ्हाईक आणलं होतं. त्याला चित्रं आवडली, पण म्हणाला, कुणाची म्हणून घेऊ? तुम्ही शिष्य ना, मग प्रत्येकाच्या मागे नाव लिहून द्या.

तुला आठवतं, सरांना आपण हेच विचारलं होतं. "एवढे मोठे चित्रकार गायतोंडे, ते तरी समोर सही कुठे करतात?" सर म्हणाले. मी म्हटलं, पण कॅनव्हासच्या पाठीवर करतात ना, तीही देवनागरीत! आणि तिथून तू रझांवर घसरलास. रझा १९३९ ते ४३ इथल्या कलाशाळेत शिकले, म्हणून नागपूरचे ते. मी म्हणालो, गायतोंडे तर १९२४ साली जन्मलेच इथे. आठ दिवस बोललो नाही आपण. शेवटी सरच ओरडले, "एक इथे शिकून गेला, एक इथे जन्मून गेला. राहिलं कोण, ते सांगा आधी!" तेव्हा दोघेही गप्प बसलो. २०१३ मध्ये गायतोंड्यांचं चित्र मुंबईच्या लिलावात २३.७० कोटींना गेलं, तेव्हा मी पेपर घेऊन सरांकडे धावलो होतो. त्यांनी आकडा वाचलाच नाही. छापलेलं चित्र खिडकीशी नेऊन म्हणाले, "रंग पार मारलेत रे छपाईत."

तर लिहायला बसलो. पंचवीस चित्रांना अडचण आली नाही, सरांचा गेरूचा हात डोळे मिटून ओळखतो मी. सव्विसावं मात्र आपल्या शुक्रवारी तलावाचं निघालं. संध्याकाळ, पाणी, एक ओली पायरी. (तीच पायरी, जिच्यावरून तू ईझलसकट पाण्यात गेलास आणि सरांनी आधी "पॅलेट वाचली का?" विचारलं.) पाण्यावरचे फटकारे डावीकडून तिरपे उजवीकडे उतरतात. उजव्या हाताचे सहसा असे पडत नाहीत. डावखुरा तूच. तुझं नाव लिहायला पेन्सिल टेकवली आणि थांबलो. उजवा हात गेल्यावर शेवटची दोन वर्षं सरांनी डाव्या हाताने रंगवलं होतं. तू तेव्हा बंगळुरूत, तुला ते बघायला मिळालं नाही.

दोन दिवस नुसतं पाहून राहिलो बे. सरांचं नाव लिहिलं आणि ते तुझं निघालं, तर तुझा तलाव मी विकला. तुझं लिहिलं आणि सरांचं असलं, तर त्यांनी खुळ्या हाताने कसंबसं मिळवलेलं पाणी मी त्यांच्याकडून काढून घेतलं. काकूंना विचारलं. त्या बराच वेळ बघत बसल्या, मग म्हणाल्या, "दोघेही रात्रीचे जागून काढायचे रे, मला काय कळणार."

फोटो पाठवला असता, पण फोटोत फटकाऱ्याची जाडी दिसत नाही. चित्र हातात धरून उजेडात तिरपं करावं लागतं. तुलाच यावं लागेल. दहा तारखेला काकू किल्ल्या देणार आहेत, त्याआधी ये.

मुलीची परीक्षा कशी झाली? नवीन घराची वास्तुशांत झाली म्हणे, अभिनंदन. वहिनींना नमस्कार.

चित्र माझ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवलंय. मागची पट्टी कोरी आहे, पेन्सिलचा एक ठिपका तेवढा पडलाय.

तुझाच,
महालातला