ट्रिब्युनलमध्ये जिंकलेल्या जवानाला पुन्हा कोर्टात ओढू नका

माननीय संरक्षण मंत्री महोदय,
जय हिंद.

मी सातारा जिल्ह्यातला निवृत्त सुभेदार. आमच्या भागात घरटी एक फौजी, त्यामुळे रविवारी माझ्या ओसरीवर कुणीतरी पेन्शनचे कागद घेऊन बसलेला असतोच.

परवा एक हवालदार आला. 2022 साली निवृत्त झालेला. 24 वर्षे नोकरी, त्यातली बरीचशी फील्डमध्ये, म्हणजे सीमेवरच्या खडतर भागात. शर्टाच्या खिशात बीपीच्या गोळ्यांची पट्टी, हातात रिलीज मेडिकल बोर्डाचा, म्हणजे निवृत्तीच्या वेळी तपासणाऱ्या सैन्याच्या डॉक्टरांच्या मंडळाचा कागद. अपंगत्व 30 टक्के, कायमचे. पुढच्या रकान्यात मात्र लिहिलेले, आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेत बळावलेलाही नाही. म्हणून अपंगत्वाची पेन्शन नाकारलेली. कारण एका ओळीत: पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या छावणीत असताना सुरू झाला. साहेब, बर्फातल्या रात्रपाळ्या, अर्धवट झोप, घरापासून तुटलेली वर्षे पोस्टिंग बदलले की अंगातून निघून जातात का?

त्याला भरती करताना सैन्याच्याच डॉक्टरांनी ठणठणीत ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात नेमके हेच धरले. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेतूनच आला असे मानायचे, तसे नाही हे दाखवण्याचे ओझे जवानावर टाकायचे नाही, आणि बोर्डाने कारणे लिहायची. आमच्या हवालदाराच्या कागदावर कारण म्हणून तेवढी एकच ओळ आहे.

त्याचे पहिले अपील फेटाळले, दुसरेही. आता आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलच्या, म्हणजे फौजींच्या सेवा-पेन्शनचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात जायचे. म्हणजे दर तारखेला रात्रीची एसटी आणि वकिलाची फी. तेही तो करेल, फौजी आहे. पण उठता उठता त्याने विचारले, "साहेब, तिथं जिंकलो तरी सरकार पुढं हायकोर्टात जातं म्हणतात. खरं का?"

मला खोटे बोलवेना.

मनोहर पर्रीकर आपल्या खुर्चीवर असताना, 2015 मध्ये, मंत्रालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने अशी विनाकारणची अपिले थांबवायला सांगितले होते. तो अहवाल आपल्याच कपाटात आहे. न्यायालयाने ज्या मुद्द्याचा निकाल लावला आहे, त्याच मुद्द्यावर ट्रिब्युनलने जवानाला पेन्शन दिली, तर मंत्रालयाने ती मुकाट्याने द्यावी, वर अपील करू नये. एवढा एक लेखी आदेश काढा.

हवालदार पुढच्या रविवारी सही करायला येणार आहे. त्याला काय सांगू?

आपला,
एक निवृत्त सुभेदार