मंत्रचळाची गोळी महिन्यात बदलायला सांगू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला मंत्रचळावरचा, म्हणजे नको ते विचार पुन्हा पुन्हा येण्याच्या आणि तीच ती कृती करत राहण्याच्या आजारावरचा (ओसीडी), लेख वाचला. विषय घेतलात याबद्दल मनापासून आभार. पण ‘महिनाभरात फरक पडला नाही तर डॉक्टरांकडून गोळी बदलून घ्या’ हे वाक्य छापायला नको होतं. या आजाराची बरीचशी औषधं नेमकी याच समजुतीपायी वाया जातात.

नैराश्यात ५० मिलिग्रॅम सर्ट्रालीनवर अनेकांना तीन-चार आठवड्यांत उतार पडू लागतो. मंत्रचळाला तो हिशेब लागू नाही. इथे तीच गोळी बरेचदा १५० ते २०० मिलिग्रॅमपर्यंत न्यावी लागते. फ्लुऑक्सेटीन असेल तर ६० ते ८०, फ्लुवॉक्सामीन असेल तर २०० ते ३००. डोस टप्प्याटप्प्याने चढवायचा आणि सोसेल तेवढ्या वरच्या पायरीवर आल्यावर किमान सहा आठवडे थांबायचं. सुरुवातीपासून धरले तर दहा-बारा आठवडे झाले. त्याआधी ‘औषध लागू पडलं नाही’ असं रुग्णाने म्हणू नये आणि डॉक्टरनेही म्हणू नये.

परवाच एका रुग्णाची फाइल चाळली. तीन वर्षं, चार डॉक्टर, पाच वेगवेगळ्या गोळ्या. एकही निम्म्या डोसच्या वर गेलेली नाही, एकही सहा आठवडे टिकलेली नाही. प्रत्येक चिठ्ठीवर न चुकता आहे ते रात्रीचं क्लोनाझेपाम, म्हणजे सवय लागणारी झोपेची गोळी. त्याने झोप लागते, मंत्रचळ जागच्या जागी राहतो, आणि तीन वर्षांनी ते सोडवणं हे वेगळंच काम होऊन बसतं. फाइलवर मात्र शेरा आहे, ‘औषधांना दाद देत नाही’. औषध पुरतं दिलंच नव्हतं!

पहिल्या पंधरवड्यात मळमळ, पातळ शौच, अस्वस्थपणा होतो आणि बहुतेकांचा ओसरतो. गोळी जेवणानंतर घ्यावी. लैंगिक तक्रारी टिकू शकतात. त्या रुग्णाला कुणी आधी सांगत नाही आणि तो लाजेने विचारत नाही, गुपचूप गोळी सोडतो. एकदम सोडली की चक्कर, डोक्यात विजेसारखे झटके. बरं वाटू लागल्यावरही किमान वर्ष-दोन वर्षं औषध चालू ठेवायचं आणि मग महिनोन्‌महिने थोडं थोडं उतरवायचं.

लेखात कारण म्हणून ‘सेरोटोनिनची कमतरता’, म्हणजे मेंदूतल्या एका रसायनाची उणीव, एवढंच दिलं आहे. रक्तातलं लोह मोजावं तशी ही कमतरता कुणी मोजलेली नाही. सेरोटोनिनवर जोर असलेलं क्लोमिप्रामीन हे औषध लागू पडतं आणि त्याच घराण्यातलं, पण दुसऱ्याच रसायनावर, नॉरअ‍ॅड्रेनलिनवर चालणारं डेसिप्रामीन पडत नाही, यावरून सेरोटोनिनचा संबंध जुळवला गेला. ठोस दिसतं ते असं, की डोळ्यांच्या वरच्या बाजूचा मेंदूचा पुढचा भाग, आणि मेंदूच्या आतले कॉडेट व थॅलॅमस हे भाग यांच्यातलं चक्र जादा चालू राहतं. कुलूप लावलेलं दिसतं, ओढूनही पाहिलं, तरी ‘झालं’ ही खूण आत उमटत नाही. १९९२ मध्ये अमेरिकेत केलेल्या पेट स्कॅनमध्ये (मेंदूचा कोणता भाग किती काम करतो हे दाखवणारी तपासणी) फ्लुऑक्सेटीनने सुधारलेल्यांच्या आणि वर्तनोपचाराने सुधारलेल्यांच्याही कॉडेटचा जोर उतरलेला दिसला. तेव्हा वर्तनोपचाराला लेखात ‘समुपदेशनाचाही उपयोग होतो’ एवढ्यावर गुंडाळणं बरोबर नाही. ज्याची भीती त्याला हात लावायचा आणि हात धुवायचा नाही, असा तो रोजचा कष्टाचा सराव असतो.

गोळी बदलण्याच्या वाक्याची दुरुस्ती त्याच पानावर, ठळक छापावी ही विनंती. उपचाराच्या पाचव्या आठवड्यात असलेल्यांनीही तो लेख वाचला आहे.

– एक मानसोपचारतज्ज्ञ, सातारा

ता. क. लेखासोबत पुन्हा साबणाने हात धुण्याचाच फोटो! देवापुढे बसलं की अभद्र विचार येणारे, आपल्याच हातून तान्ह्या बाळाला इजा होईल या धास्तीने विळी माळ्यावर टाकून देणारी आई, हेही याच आजाराचे रुग्ण. असा फोटो बघून ती आई पान उलटते.