खोक्यांच्या धंद्याबद्दल दत्ताला पत्र

उद्यमबाग, बेळगाव

प्रिय दत्ता,

नोकरी सोडून निपाणीत पॅकिंगचा कारखाना टाकणार म्हणतोस, आणि विचारतोस, अल्पसंख्याक म्हणून ऑर्डरीत वाटा मिळतो का? केंद्र सरकारच्या कंपन्यांनी 25 टक्के खरेदी लघुउद्योगांकडून करायची असते, त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या मालकांना 4 टक्के. तू बौद्ध, जातीचा दाखलाही आहे, तुला तिथं जागा आहे. मला मुसलमानाला नाही. पण आपलं गिऱ्हाईक म्हणजे फाउंड्र्या आणि मशीन शॉप, सगळे खाजगी. ते धर्म विचारत नाहीत, निदान तोंडावर तरी. त्यांना पेटी हवी.

मला या गिऱ्हाइकांत आत घेतलं ते लाकूड तापवायच्या भट्टीनं. माल परदेशी जायचा तर लाकडात कीड नको. म्हणून फळीच्या गाभ्यात 56 अंश उष्णता सलग 30 मिनिटं टिकली पाहिजे, तेव्हा लाकूड परदेशी पाठवायला चालतं असं सांगणारा गव्हाच्या लोंबीचा शिक्का मारता येतो. सेन्सर सगळ्यांत जाड फळीत खुपसायचा, सोयीच्या फळीत नव्हे. साल राहिलेली फळी बाजूला काढायची. शिक्का मारायची मान्यता आधी घ्यावी लागते. तोवर प्लायवुडच्या पेट्या कर, त्याला हा नियम नाही. आणि ओलं लाकूड घेऊ नको बाबा! मशीनिंग केलेल्या कास्टिंगला, म्हणजे ओतीव भागाला, त्याच्या ओलाव्यानं गंज चढतो आणि बोल पेटीवाल्याला बसतो. आत व्हीसीआयची, म्हणजे गंज रोखणारी, पिशवी लागतेच.

उधारीचं सांगतो. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, पहिल्या दिवशी कर. मग गिऱ्हाइकानं लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे द्यायचे, करार नसेल तर 15. 1 एप्रिल 2024 पासून मुदतीत पैसे दिले नाहीत तर ते देईपर्यंत गिऱ्हाइकाला तो खर्च आयकरात दाखवता येत नाही, त्यामुळं मार्चमध्ये त्यांचे अकाउंटंट आपण होऊन फोन करतात. मात्र तयार खोकी आणून विकलीस तर तू व्यापारी. हे कलम तुझ्या कामाचं नाही.

जागेचं म्हणशील तर निपाणीहून बेळगावला रिकाम्या पेट्या आणणं म्हणजे भाडं भरून हवा वाहणं. तिथंच राहायचं असेल तर कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतली गिऱ्हाइकं धर. मध्ये राज्याची सीमा, म्हणून बिलावर आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या विक्रीवरचा जीएसटी, लागेल, पण गिऱ्हाइकाला त्याचं क्रेडिट मिळतं. सीमेवरून आपल्याकडं एवढी भांडणं, ट्रकला मात्र ई-वे बिल पुरतं.

रविवारी ये, भट्टी चालू असेल. येताना कुठल्यातरी कास्टिंगचं ड्रॉइंग आण, वजनासकट. पेटीचा हिशोब बसून करू. वहिनींना सलाम.

तुझा,
रफीक