किलोमीटरचा दगड

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "फ्लूची साथ मुंबईत आहे गो. कोल्हापुरात आली की बघू." तेव्हा मी हसले, पण नंतर राहवेना.

बाबा, तुम्ही एसटीत एवढी वर्षं तिकिटं फाडलीत. आंबा घाट चढला की कोल्हापूर, मुंबई त्याच्या दुपटीहून लांब. पण भारमान आठवा, म्हणजे गाडी किती भरायची ते. दुपारच्या घाटातल्या गाडीत मागची बाकडी रिकामी, तुम्ही निवांत वेबिल लिहायचात. आणि गणपतीच्या जादा गाड्या? तिकीट द्यायला पुढे सरकता यायचं नाही. चतुर्थीला आपल्या वाडीत जेवढी माणसं मुंबईहून उतरतात, तेवढी कोल्हापुरातून वर्षभरात येत नाहीत. साथीला हेच भारमान कळतं, किलोमीटरचा दगड तिला वाचता येत नाही.

2013 मध्ये ब्रॉकमन आणि हेल्बिंग यांनी (दोघांचंही नाव डिर्क, गंमतच) हे गणितात मांडलं. साध्या नकाशावर साथ वेड्यावाकड्या उड्या मारताना दिसते. पण दोन शहरांतलं अंतर प्रवाशांच्या वर्दळीवरून धरलं, की तीच साथ विहिरीत खडा पडावा तशी गोल गोल पसरते.

मी राहते त्या टोरांटोत 2003 साली सार्स हा फुप्फुसांचा साथीचा आजार असाच आला. चीनच्या ग्वांगडाँगमधले एक डॉक्टर, अंगात आजार घेऊनच, लग्नासाठी हाँगकाँगला आले आणि हॉटेलच्या नवव्या मजल्यावर एक रात्र राहिले. तिथे उतरलेल्या पाहुण्यांबरोबर आजार सिंगापूरला, हनोईला गेला, आणि एका वयस्कर बाईंबरोबर इथे. कॅनडात 44 माणसं गेली, बहुतेक याच भागातली. त्या बाईंचा काय दोष? 2020 मध्ये चाकरमान्यांना शाळेत ठेवलं तेव्हा गावातले काहीजण मुंबईहून आलेल्या दादाशी तुसडेपणाने बोलले, ते मी अजून विसरले नाही. म्हणून गणपतीला त्याला येऊ नको म्हणायचं नाहीच.

फक्त फ्लूची लस अंगात मुरायला दोनेक आठवडे लागतात, तेव्हा या सोमवारीच देवरूखला जाऊन या. दोघंही. बाबा, तुमचा दमा मला ठाऊक आहे.

आई, आरतीला माजघराच्या खिडक्या उघड्या ठेव, पाऊस आत आला तर येऊ दे. पिंट्याला ताप असला तर तो उतरेपर्यंत आजोबांच्या कुशीत झोपवू नकोस. रडेल थोडा. त्याला बाबांचा जुना तिकिटांचा ट्रे दे खेळायला.

तुमची,
सुमा