बाई, तुम्ही शेवटच्या बाकावर बसलात म्हणून

आदरणीय बाई,
सा. न.

हे व्हॉट्सॲपवर पाठवलं असतं तर तुम्ही एक अंगठा पाठवून मोकळ्या झाला असतात. म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. रागावू नका.

पंचवटीतल्या आपल्या शाळेत मला पाचवीचा वर्ग मिळाला ते वर्ष आठवतं ना? खिडकीबाहेर दिंडोरी रोड, द्राक्षांच्या हंगामात पिकअपचे हॉर्न. हॉर्नच्या वर माझा आवाज आणि माझ्या आवाजाच्या वर पोरांचा. फेब्रुवारीत घसा पार बसला. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस बोलायचं नाही. मी रजेचा अर्ज घेऊन आले, तर तुम्ही तो घडी घालून माझ्याच पर्समध्ये ठेवलात. "तोंड बंद ठेव नि वर्गावर ये. माझ्या ऑफ तासाला मी मागे बसते."

पहिला दिवस फजितीचा. मी टेबलावर डस्टर आपटलं, खडूची धूळ उडाली, पोरं खिदळली. मधल्या सुट्टीत तुम्ही एवढंच म्हणालात, "डस्टर आपटणं म्हणजे ओरडणंच की गं." दुसऱ्या दिवशी मी फळ्यासमोर हात खाली सोडून नुसती उभी राहिले. मनात चाळीसपर्यंत मोजलं. पस्तीसच्या आसपास शेवटच्या बाकावरची पेनफाइटसुद्धा थांबली. मग एका मुलीला धडा वाचायला दिला आणि मी बाकांमधून फिरत राहिले. ज्याचं लक्ष नाही त्याच्या पुस्तकात चालू ओळीवर बोट ठेवायचं नि पुढे जायचं. ना नाव घेणं, ना बाकावर उभं करणं.

पण खरा धक्का दिला तो तुमच्या वहीतल्या नकाशाने. बाकांच्या चौकटी आखून, मी ज्या मुलाकडे पाहीन त्याच्या चौकटीत तुम्ही एकेक टिंब देत होता. पुढच्या दोन ओळी आणि मधली रांग टिंबांनी काळी झालेली. खिडकीकडच्या अख्ख्या रांगेत दोन टिंबं. तुम्ही वही पुढे सरकवलीत आणि चहा प्यायला लागलात. मला तो चहा गेला नाही.

त्या रांगेत पेठ तालुक्यातून आलेली ती मुलगी बसायची. घरी कोकणा आदिवासींची कोकणी बोली बोलणारी. काही विचारलं की मान खाली. आवाज बसण्याआधी मी तिला दोनदा सगळ्यांसमोर दरडावलं होतं, "माझ्याकडे बघून बोल!" मला वाटायचं, हिचा अभ्यास झालेला नाही, म्हणून डोळे चुकवते. तुम्ही म्हणालात, "अगं, तुझ्याकडे न बघणं हा तिचा मान देण्याचा प्रकार असेल. तुला विचारायला काय झालं?" मग तुम्ही तिच्या शेजारी बाकावर बसलात, दोघींची नजर वहीवर, आणि तिने पूर्ण उदाहरण हळू आवाजात समजावून सांगितलं. तुम्हाला. माझी मान खाली गेली होती.

आवाज परत आल्यावर तुम्ही दुसरा रोग काढलात. प्रश्न विचारून मी थांबतच नव्हते. उत्तर आलं नाही की मीच सांगून टाकायची. तुम्ही मागून तीन बोटं वर करायचात, ती एकेक करून मिटेपर्यंत मी गप्प. पुढे वाचनात आलं की मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी 1970 च्या दशकात नेमकं हेच मोजलं होतं: शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात, न बोलणारी मुलंही बोलू लागतात. तुम्हाला सांगितलं तर म्हणालात, "बरं झालं, त्यांनाही पटलं."

आणि ते प्रशिक्षण! साहेबांनी स्लाइड लावली, 93 टक्के संवाद शब्दांविना होतो. तुम्ही हात वर केलात, "मग अपूर्णांकांची बेरीज उद्या सात टक्के शब्दांत शिकवून दाखवता का?" सभागृह हसलं. तो आकडा मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या 1967 च्या प्रयोगांवरून आलाय. बोलणाऱ्याला आवडतंय की नावडतंय, हे ऐकणारा कशावरून ओळखतो, एवढ्यापुरते ते प्रयोग होते. शिकवण्याशी त्या आकड्याचा संबंध नाही. साहेब मात्र अजून तीच स्लाइड लावतात म्हणे.

हातांनी गणित शिकवायचं तेही तुमचंच. 3 + 4 + 2 = __ + 2. पोरं बिनधास्त 9 लिहायची, कारण त्यांच्या लेखी बरोबरचं चिन्ह म्हणजे "आता उत्तर लिहा". तुम्ही डावा तळहात डाव्या बाजूखालून फिरवलात, मग उजवा उजव्या बाजूखालून, आणि दोन्ही हात तराजूच्या पारड्यांसारखे धरलेत. एक शब्द नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "सात!"

ती मुलगी आता आठवीत आहे. परवा रामकुंडाजवळ आईबरोबर भेटली. अजूनही वर बघत नाही, पण बोलत होती भरपूर. तुमची चौकशी केली.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की येते चहाला. नकाशाची वही काढून ठेवा. यंदा नवीन शिक्षिका आल्यात, त्यांच्या वर्गात मागे मी बसणार आहे.

तुमची,
ऑफ तासाची विद्यार्थिनी